केप हर्शेलचा गाळ

कॅनडाच्या अतिउत्तरेतल्या हवामानाच्या नियमित नोंदी फार जुन्या नाहीत. युरेका आणि रेझोल्यूट ही केंद्रे १९४७ साली उभी राहिली, अलर्ट १९५० साली. तापमानवाढ तोवर सुरू होऊन गेली होती. तिच्याआधी तिथली जीवसृष्टी कशी होती, हे जाणून घ्यायचे तर तळ्यांच्या गाळाकडेच जावे लागते.

एल्समेअर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर केप हर्शेल नावाचे भूशिर आहे. तिथल्या लहान, उथळ तळ्यांचा अभ्यास १९८३ साली सुरू झाला. जॉन स्मोल आणि मारियान डग्लस ही त्यातली प्रमुख नावे. गाळात नळी उभी रोवून त्याचा अखंड स्तंभ वर काढायचा, त्याचे पातळ काप करायचे आणि एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, असे हे चिकाटीचे काम. वरच्या थरांचे वय शिसे-२१० वरून काढतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षांचे, त्यामुळे दीडेकशे वर्षांपलीकडे कार्बन-१४चा आधार घ्यावा लागतो.

शोधायचे असतात डायटम. ही एकपेशीय शैवाले झाकणाच्या डबीसारखे सिलिकाचे कवच बांधतात. पेशी मरते, कवच टिकते आणि त्यावरच्या नक्षीवरून जात ओळखता येते. केप हर्शेलच्या तळ्यांत हजारो वर्षे फ्रॅजिलारिया गटातल्या त्याच त्या मोजक्या जातींचे राज्य होते. एकोणिसाव्या शतकात मात्र चित्र पालटले आणि मॉसवर वाढणाऱ्या नाना जाती दिसू लागल्या. याचे कारण बर्फात आहे. थंड वर्षांत काठालगतची चिंचोळी पट्टीच काय ती वितळते. उन्हाळा लांबला की पाणी अधिक काळ मोकळे राहते, मॉस वाढते आणि डायटमांना नवी घरे मिळतात.

स्मोल, डग्लस आणि वेस्टन ब्लेक यांनी १९९४ साली हे मांडले, तेव्हा एक रास्त शंका उरत होती: दूरवरून हवेतून येणाऱ्या प्रदूषणाचा तर हा परिणाम नसेल? २००५ साली ध्रुवीय प्रदेशातल्या ५५ गाळस्तंभांची तुलना प्रसिद्ध झाली. जिथे फारशी तापमानवाढ झाली नव्हती, त्या उत्तर क्वेबेक आणि लॅब्रेडोरमध्ये डायटमही फारसे बदललेले नव्हते. प्रदूषण कारणीभूत असते, तर तिथेही बदल दिसला असता. सगळ्या पुराव्यांत मला हाच सर्वांत भक्कम वाटतो.

गाळ प्रत्येक वेळी हवामानाकडेच बोट दाखवतो असेही नाही. अंटार्क्टिकाजवळच्या आर्डली बेटावर तळ्याच्या गाळातल्या विष्ठेच्या खुणांवरून जेंटू पेंग्विनांचा हजारो वर्षांचा इतिहास उलगडला. त्यांची वसाहत किमान तीनदा जवळजवळ संपली होती, ती डिसेप्शन बेटावरच्या ज्वालामुखीमुळे, असे २०१७ साली दिसून आले. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञही अंटार्क्टिकातल्या 'मैत्री' या भारतीय तळाच्या परिसरातल्या, शिर्माकर ओॲसिसमधल्या तळ्यांचा गाळ वाचत आहेत.

केप हर्शेलला मात्र वाचण्याचे साधनच धोक्यात आले आहे. २००६च्या जुलैत तिथली काही तळी पूर्ण कोरडी सापडली. गाळाच्या पुराव्यानुसार ती हजारो वर्षे टिकून होती. आधीच्या वर्षांत पाण्यातल्या क्षारांचे प्रमाण वाढत गेले होते, म्हणजे पडणाऱ्या पाण्यापेक्षा बाष्पीभवन जास्त होत होते. अशा तळ्यात डायटम वाढत नाहीत, नवा थर साचत नाही आणि उघड्या पडलेल्या जुन्या थरांची वाऱ्याने झीज होऊ लागते.