मजकूर-संपादकाची निवड : आवड आपली, अक्षरे सर्वांची

शाळा, ग्रामपंचायत, शासकीय कार्यालय आणि घर या सर्व ठिकाणी संगणकावरील लेखन आता नित्याचे झाले आहे. अर्ज, ठराव, निकालपत्रक किंवा दाखला कागदावर उमटण्यापूर्वी पडद्यावर लिहिला जातो. हे लेखन कोणत्या साधनाने करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ आवडीनिवडीचा वाटतो. परंतु आज लिहिलेला मजकूर दहा वर्षांनी, दुसऱ्या गावी आणि दुसऱ्याच्या यंत्रावर वाचता येईल किंवा नाही, हे पुष्कळ अंशी या निवडीवर अवलंबून असते.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी गुजरात राज्यातील बडोदे शहराचे उदाहरण उपयुक्त ठरेल. गायकवाडांच्या राजवटीपासून येथे मराठी कुटुंबे वास्तव्यास आहेत. मराठी वाङ्मय परिषदेसारखी संस्था येथे कार्यरत असून २०१८ साली ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही याच शहरात भरले होते. शहराच्या उत्तरेकडील निजामपुरा या वस्तीतील एखाद्या मराठी कुटुंबाचा विचार केला, तर घरचा पत्रव्यवहार मराठीत, मुलांच्या शाळेचे आणि नगरातील कामकाज गुजरातीत, तर महाराष्ट्रातील जमिनीसंबंधीचा अर्ज पुन्हा मराठीत, अशी त्याची गरज असते. एकाच साधनाने दोन लिप्यांत बिनचूक लिहिता यावे, ही अपेक्षा अशा घरी अगदी स्वाभाविक आहे.

संपादक म्हणजे काय?

ज्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात, तो मजकूर-संपादक म्हणजे केवळ अक्षरे लिहिणारी, खोडणारी, शोधणारी व साठवणारी आज्ञावली होय. अक्षरांचा आकार, रंग, समास, तक्ते इत्यादी सजावट करणाऱ्या वर्ड किंवा रायटर यांसारख्या आज्ञावलींहून तो वेगळा असतो. संपादकाने साठवलेल्या फाइलमध्ये अक्षरांखेरीज अन्य काही नसते. त्यामुळे ती आकाराने लहान राहते व जवळजवळ कोणत्याही संगणकावर उघडते. विंडोज प्रणालीसोबत येणारा नोटपॅड हा त्याचा सर्वपरिचित प्रकार होय. २००३ पासून उपलब्ध असलेला नोटपॅड प्लस प्लस आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे दोन्ही संपादक विनामूल्य मिळतात.

आवडीचा जुना वाद

आपल्या संपादकाविषयीचा अभिमान हा संगणक वापरणाऱ्यांचा जुना स्वभाव आहे. अमेरिकेत १९७६ या एकाच वर्षी दोन प्रसिद्ध संपादक उदयास आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ लिहिला, तर मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत रिचर्ड स्टॉलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ईमॅक्स’ तयार केला. पहिल्यात अक्षरांच्या कळाच आज्ञा देण्याचे काम करतात. दुसऱ्यात कंट्रोलसारखी कळ दाबून धरून आज्ञा द्यावी लागते. या दोन पद्धतींपैकी श्रेष्ठ कोणती, यावर संगणकतज्ज्ञांत अनेक दशके विनोदी व क्वचित गंभीर वाद चालत आले आहेत. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये ‘व्हीआय’चा विस्तार करून ‘व्हिम’ प्रसिद्ध केला व तो विनामूल्य देताना वापरणाऱ्यांनी युगांडातील मुलांना साहाय्य करावे, असे आवाहन केले. मूलेनार २०२३ मध्ये निवर्तले, तरी व्हिमचा वापर चालूच आहे.

मराठीत लिहिणाऱ्यापुढे मात्र या वादाचे स्वरूप बदलते. यंत्राचा कळफलक मराठीवर ठेवला असता व्हिममध्ये आज्ञेच्या जागी मराठी अक्षर पोहोचते व आज्ञा निष्फळ होते. यावर उपाय म्हणून व्हिममध्ये स्वतःचा कळ-नकाशा लावण्याची सोय आहे. तो केवळ लेखनाच्या वेळी लागू होतो. ईमॅक्समध्येही देवनागरी व गुजराती या दोन्ही लिप्यांसाठी लेखनपद्धती अंतर्भूत आहेत. तथापि, प्रत्येक अक्षरास समान रुंदीची चौकट देणाऱ्या काळ्या पडद्यावर हे संपादक चालविल्यास पुष्कळदा जोडाक्षरे फुटतात व वेलांट्या सरकतात. म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्याने केलेली शिफारस मराठी लेखकाने जशीच्या तशी स्वीकारणे हिताचे नाही.

नावातच कसोटी

मराठीसाठी योग्य संपादक ओळखण्याची एक सोपी कसोटी निजामपुरा या नावातच दडलेली आहे. हे नाव सरळ लिहिताना अडचण येत नाही. परंतु ‘निजामपुऱ्यात’ असे त्याचे सामान्यरूप होताच मराठीचे खास अक्षर पुढे येते. आचार्यास दिलेला मान आणि आचाऱ्यास दिलेला शिधा यांतील फरक याच अर्ध्या ‘ऱ’ने दाखविला जातो. दर्या म्हणजे समुद्र, तर दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. ज्या साधनात हा भेद लिहिता येत नाही, ते मराठीस अपुरे होय.

यात आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. हा अर्धा ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त जोडून आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त व न दिसणारे जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण अनेक संपादकांना ती भिन्न वाटतात. परिणामी, यादीत ‘निजामपुऱ्यातील’ हा शब्द असूनही शोध घेतल्यावर तो सापडत नाही. शाळेच्या पटावर किंवा लाभार्थ्यांच्या यादीत असे घडल्यास नाव असूनही नसल्यासारखे होते. म्हणून एका कार्यालयातील सर्वांनी एकच रूप लिहिण्याचा प्रघात ठेवणे इष्ट आहे.

एक कळफलक, दोन लिप्या

भारतीय भाषांसाठी १९८० नंतरच्या दशकात इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक निश्चित करण्यात आला. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. भिन्न लिप्यांतील समान वर्णास समान कळ, हे त्याचे मुख्य तत्त्व होय. मराठी ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर गुजराती ‘क’ही आहे. ‘र’ची कळ शिफ्टसह दाबली असता देवनागरीत ‘ऱ’ मिळतो. बडोद्यासारख्या ठिकाणी एकदा घेतलेला सराव दोन्ही भाषांत कामी येतो, हा त्याचा मोठा लाभ आहे. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक सोयीचा वाटतो, तर नवशिक्यांना उच्चारानुसार रोमन अक्षरांतून लिहिणे सुलभ वाटते. तिन्ही पद्धतींनी उमटणारी अक्षरे युनिकोडचीच असल्यास कोणतीही एक स्वीकारण्यास हरकत नाही.

अक्षरांचे क्रमांक

युनिकोड ही जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास ठरावीक क्रमांक देणारी व्यवस्था आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तीत देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, तर गुजराती ‘क’चा २७०९ आहे. दोन्हींतील अंतर ३८४ आहे. ‘ळ’च्या बाबतीतही हेच अंतर आढळते. ‘ऱ’चा देवनागरीतील क्रमांक २३५३ आहे, परंतु गुजरातीत त्याच्या समोरची २७३७ ही जागा रिकामी ठेवलेली आहे, कारण त्या लिपीस या अक्षराची गरज नाही. दोन शेजारी भाषांचे साम्य आणि वेगळेपण दोन्ही या आकड्यांत दिसून येते.

युनिकोडपूर्वीच्या अनेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसविलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर असा मजकूर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. महाराष्ट्र शासनाने मराठी कामकाजासाठी युनिकोडचे धोरण स्वीकारले, त्यामागे हेच कारण आहे. बडोदे संस्थानची मोडी लिपीतील जुनी कागदपत्रे आजही जतन केलेली आहेत, पण ती वाचणारे थोडेच उरले आहेत. मोडीतील अक्षरे निदान माणसास शिकता येतात. हरवलेल्या फॉन्टातील मजकुराचा उलगडा होण्यास मात्र आधी त्या फॉन्टाचा शोध घ्यावा लागतो.

निवड करताना

नवा संपादक स्वीकारण्यापूर्वी पुढील चार गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, त्यात ‘निजामपुऱ्यात’, ‘ज्ञानेश्वर’, ‘ॲड.’ व ‘बाळकृष्ण’ हे शब्द लिहून ते शुद्ध उमटतात का, हे पाहावे. दुसरी, त्यांपैकी एक शब्द शोधून तो सापडतो का, याची खात्री करावी. तिसरी, फाइल यूटीएफ-८ या प्रकारात साठवावी. विंडोजच्या नोटपॅडमध्ये २०१९ पासून हा प्रकार आपोआप निवडलेला असतो. त्यापूर्वीच्या आवृत्तीत तो स्वतः निवडावा लागतो, अन्यथा मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जाण्याचा धोका असतो. चौथी, तीच फाइल शेजाऱ्याच्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडून पाहावी.

या चारही गोष्टी साधल्यास संपादक कोणताही असो, तो आपलासा करण्यास प्रत्यवाय नाही. शिक्षकास नोटपॅड पुरेल, विद्यार्थ्यास व्हिज्युअल स्टुडिओ कोड रुचेल, तर एखादा जाणकार व्हिमवरच निष्ठा ठेवील. साधन ज्याच्या त्याच्या हाताला साजेसे असावे. मात्र त्यातून निघालेला अर्ज जेव्हा निजामपुऱ्यातून महाराष्ट्रातील एखाद्या तलाठ्याच्या टेबलावर पोहोचेल, तेव्हा अर्जदाराचे नाव, गाव आणि गट क्रमांक तेथे जसेच्या तसे वाचता आले पाहिजेत.