करार मोडला की गुन्हा घडला?

कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींमध्ये घर घेणाऱ्या अनेकांनी जपूनच पावले टाकली होती. महारेराचा नोंदणी क्रमांक पाहिला, बँकेचे कर्ज काढले, मुद्रांक शुल्क भरून करारनामा नोंदवला. पुढे उघडकीस आले, की महारेराकडे सादर झालेल्या महापालिकेच्या बांधकाम परवानग्याच बनावट होत्या. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्यांचा काहीच दोष नव्हता, त्यांच्या डोक्यावरचे छप्पर बेकायदा ठरले.

खोटे कागद दाखवून पैसे घेणे हा गुन्हा आहे, याबद्दल कुणाचे दुमत होणार नाही. पण बांधकामाचे बहुतेक तंटे इतके सरळ नसतात. दोन वर्षांत ताबा देतो म्हणणारा बिल्डर पाच वर्षे तारखा देत राहतो, सहाव्या स्लॅबवर काम थांबते, घरभाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच पगारातून जातो. असा गांजलेला माणूस फाइल घेऊन पोलीस ठाण्यात पोहोचतो आणि त्याला ऐकवले जाते, "हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." काही वेळा ही निव्वळ टाळाटाळ असते. काही वेळा मात्र कायद्याचेही तेच म्हणणे असते.

हृदय रंजन प्रसाद वर्मा या बिहारमधल्या जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ही रेषा स्पष्ट केली. शब्द देतानाच तो पाळायचा नाही असा डाव असेल, तर ती फसवणूक. नंतर शब्द पाळता आला नाही, एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. म्हणजे तपासाचा सारा रोख एका दिवसावर येतो: पैसे घेतले त्या दिवशी बिल्डरला काय माहीत होते? जमीन गहाण होती आणि त्याने ते लपवले का? एकच फ्लॅट दोघांना विकला का? परवानगी सात मजल्यांची असताना आठव्या मजल्यावरचे घर विकले का? यातले एक जरी कागदावर दाखवता आले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू शकते आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वित्तपुरवठा आटला किंवा परवानगी अडकली म्हणून काम रखडले असेल, तर रेरा कायद्याचे कलम १८ आहे. ताबा लांबल्याबद्दल व्याज मागा, नाहीतर प्रकल्पातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत मागा. आदेश होऊनही बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

महाराष्ट्रात या दोहोंच्या मधली एक वाट १९६३पासून आहे. मोफा म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यानुसार नोंदणीकृत करार न करता किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेणे किंवा सोसायटीच्या नावे हस्तांतरण करून न देणे हाच दंडनीय अपराध आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. इथे फिर्यादीला बिल्डरच्या मनातला डाव सिद्ध करत बसावे लागत नाही, सबळ कारण होते हे सांगायची पाळी बिल्डरवर येते. रेरा आल्यावर दोन्ही कायद्यांच्या सीमेवर वाद झाले. तरी जुन्या इमारतींच्या तंट्यांत मोफाचे हे दात विसरून चालणार नाही.

पोलीस कारवाईचा उपयोग वसुलीसाठी करण्याची सवय मात्र घातक आहे. दिल्लीतल्या एका पुनर्बांधणीच्या वादात बिल्डरला अटकपूर्व जामीन देताना २२ लाख रुपये भरण्याची अट घातली गेली होती. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. वादातली रक्कम वसूल करून देणे हे जामिनाच्या सुनावणीचे काम नाही, हा त्यामागचा विचार. घर गमावलेल्याला हा निकाल कठोर वाटेल, पण बचावाचे हे नियम लहान माणसालाही तितकेच राखतात. बिल थकवणारा मालक उद्या लेबर कॉन्ट्रॅक्टरवरच साहित्य पळवल्याची फिर्याद ठोकतो, तेव्हा त्या कॉन्ट्रॅक्टरला याच नियमांचा आधार असतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक न करता आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हा २०१४च्या अर्नेश कुमार निकालाचा दंडक त्यातलाच.

फिर्यादीतही शिस्त हवी. फसवणूक आणि विश्वासघात ही कलमे जोडीनेच लिहायची पोलिसांची जुनी रीत आहे. एकाच व्यवहारावर ही दोन्ही एकत्र टिकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये बजावले. कारण पहिल्यात पैसे घेतानाच लबाडी असते, तर दुसऱ्यात विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा नंतर अपहार होतो. घाईत खरडलेली फिर्याद आरोपीच्या वकिलाला आयती संधी देते.

माणसे मरतात तेव्हा हा प्रश्न आणखी जड होतो. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण दगावले. बिल्डरांबरोबर पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. जुलै २०१७मध्ये घाटकोपरची साई दर्शन कोसळली, १७ जण गेले. तिथे संशय गेला तो तळमजल्यावरच्या फेरफारांवर, आणि पकडला गेला त्या जागेचा मालक. अशा प्रकरणांत खरी लढाई असते ती सदोष मनुष्यवध की निष्काळजीपणा, यावर. भोपाळ वायुगळती प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप काढून निष्काळजीपणाचा ठेवला, आणि १४ वर्षांनी दोषी ठरलेल्यांना मिळाली ती दोन वर्षांची कैद. नव्या संहितेत निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षे झाली आहे.

निष्काळजीपणा म्हटला तरी तोच मृत्यूचे थेट कारण असावा लागतो. मुंबईतल्या रंगाच्या कारखान्याला आग लागून सात कामगार मेले होते. त्या खटल्यात १९६५ साली याच कसोटीवर व्यवस्थापक मृत्यूच्या आरोपातून सुटला. इमारतीच्या खटल्यातही हेच घडते. आरसीसी सल्लागार म्हणतो, नकाशा बरोबर होता. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, खांब नंतर कुणीतरी तोडला. मालक म्हणतो, पालिकेने नोटीसच दिली नाही.

अडकलेल्यांना वाचवायचे तर ढिगारा उपसावाच लागतो. पण काँक्रीट आणि सळ्यांचे नमुने पंचनामा करून सीलबंद झाले नाहीत, तर हे सगळे बचाव तपासायचे कशावर? मंजूर नकाशे, क्यूब टेस्टचे अहवाल आणि सल्लागाराच्या भेटींची साइटवरची नोंदवही पोलिसांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घ्यायला हवी. सोसायट्यांनीही मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि प्रत्येक दुरुस्तीच्या परवानगीची प्रत इमारतीबाहेर दुसरीकडेही जपून ठेवावी.