बाळाला हवं हक्काचं माणूस



"बालगृहाला पाळणे देऊ की कपडे?" असं आपले सभासद दरवर्षी विचारतात. दोन्ही जरूर द्या. पण त्याआधी हे वाचा.

१९८९ साली रुमानियात चाउसेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथालयांची दैना जगापुढे आली. एकेका आयाकडे कितीतरी मुलं. बाळ रडलं तरी उचलून घेणारं कुणी नाही. त्यातली काही मुलं इथे ब्रिटनमध्ये दत्तक आली. मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी अशा १६५ मुलांचा ती तरुण होईपर्यंत अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत अनाथालयातून सुटलेली बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढली. त्याहून जास्त दिवस तिथे काढलेल्यांपैकी अनेकांना मात्र मोठेपणीही एकाग्रता जमेना, माणसं जोडणं जड जाई. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत या तरुणांचा मेंदू इथल्याच दत्तक तरुणांपेक्षा सरासरी ८.६ टक्के लहान भरला. उत्तम घर मिळूनही!

असं का व्हावं? बाळ रडतं, कुणीतरी जवळ घेतं, बोलतं, हसतं. त्यातूनच मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात. हाकेला ओच मिळाली नाही, की त्या कच्च्या राहतात.

पण हे काही कपाळी लिहिलेलं नव्हे. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात १३६ मुलांपैकी निम्मी पालक-कुटुंबांत ठेवली. दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.

म्हणूनच यंदाचा निधी आम्ही भिंतींवर नव्हे, माणसांवर खर्च करणार आहोत : जास्त आया आणि पालक-कुटुंबांना मदत. आपला हात सढळ असू द्या. बाळं थांबत नाहीत, वाढत असतात.