‘कल्ला’ बघताय? मग कल्ले उघडूनही बघा!

जुलै ते ऑक्टोबर २०२४ आठवतोय? ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा सीझन. लालबाग-परळच्या चाळींत रात्री नऊला दारं सताड उघडी. या टोकाच्या खोलीतून त्या टोकाला चालत गेलात तरी एपिसोडमधलं एक वाक्य सुटायचं नाही. सकाळी रुईया नाक्यावर, कीर्तीच्या वडापावसमोर एकच चर्चा: सूरज की निक्की? आणि घरी एकच डायलॉग, ‘‘शी, हे असलं काय बघता रे?’’

आईचं चुकतंय का? की आपलं? जरा नीट बघू या.

हा वाद आजचा नाही. १९९९ साली नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झालं, तेव्हापासून तो चालूच आहे. आपल्याकडे तर तो थेट फोर्टातल्या मुंबई हायकोर्टात पोहोचला होता. नोव्हेंबर २०१० मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने आदेश काढला, की हिंदी ‘बिग बॉस’ आणि ‘राखी का इन्साफ’ रात्री ११ ते पहाटे ५ याच वेळेत दाखवा. कारण तेच, मुलं बघतात. ‘बिग बॉस’चं चॅनल कोर्टात गेलं, आदेशाला स्थगिती मिळाली आणि शो प्राइम टाइमलाच राहिला.

आज तो आदेश आला असता तर आपण हसलो असतो. अकरा वाजता काय आणि सकाळच्या लोकलमध्ये काय, क्लिप मोबाइलवर येतेच. २०२१च्या नियमांप्रमाणे ओटीटीवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशा पाट्या असतात. पण घरातल्या आठवीतल्या भावाच्या रील्सवर कुठली पाटी असते? वेळेचं कुंपण पडलंय. आता राहिलो आपण.

म्हणून प्रश्न ‘अश्लील आहे का?’ एवढाच नाही. हे घर नेमकं कशाला बक्षीस देतं, हा खरा प्रश्न.

पाचव्या सीझनमध्ये आर्या जाधवने निक्की तांबोळीच्या कानाखाली मारली आणि तिला थेट घराबाहेर काढलं. बरोबरच झालं, हात उचलणं चूकच. पण जिभेचं काय? वर्षा उसगांवकरांसारख्या ज्येष्ठ अभिनेत्रीशी निक्की ज्या भाषेत बोलली, पॅडी कांबळेंच्या अभिनयावरून जान्हवी किल्लेकरने जे टोमणे मारले, त्यावर रितेश देशमुखने ‘भाऊच्या धक्क्या’वर झापलं. जान्हवीला जेलही झाली. तरी दोघी फिनालेपर्यंत पोहोचल्या. निक्की टॉप थ्रीमध्ये आली, जान्हवी ९ लाख घेऊन बाहेर पडली. हात उचलला तर हकालपट्टी, जीभ उचलली तर फुटेज!

आता यात खलनायिका शोधू नका. चोवीस तास कॅमेरे चालतात, आपल्याला दिसतो तास-दीड तास. कुणी शांतपणे भाजी चिरली, कुणाची समजूत काढली, ते कापलं जातं. भांडण उरतं. ते भांडण आपणच फॉरवर्ड करतो. म्हणजे त्या घरात टिकण्याचा नियम थोडाफार आपणच लिहितो.

आणि तो नियम आपल्या कट्ट्यावर कधी येतो, कळतही नाही. ग्रुपमध्ये एखाद्याच्या इंग्रजीची, कपड्यांची सगळ्यांसमोर उडवायची आणि वर ‘रोस्ट होता यार’ म्हणायचं. घरातल्या माणसांना निदान मानधन मिळतं. तुमच्या वर्गातल्या त्या मुलाला काय मिळतं?

मग बघूच नये का? असंही नाही. याच सीझनने सूरज चव्हाण दिला. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, रील्समुळे ओळखला जाणारा, वाचता-लिहिताना अडखळणारा मुलगा. त्याच्या बोलण्याला हसणारे घरातही होते, बाहेरही. ६ ऑक्टोबरला ट्रॉफी त्याच्या हातात होती आणि मतं आपलीच होती. म्हणजे प्रेक्षकाने ठरवलं तर वाऱ्याची दिशा बदलते.

माझं मत सरळ आहे. तुम्ही अठरा पूर्ण केली असतील तर बघा, पण एडिटिंग ओळखून बघा. धाकट्या भावंडांना मात्र एकटं सोडू नका, शेजारी बसा. पुढच्या वेळी तीन प्रश्न विचारा. या भांडणाच्या आधीचं काय कापलं असेल? हेच वाक्य माझ्या ताईला कुणी बोललं असतं तर मी हसलो असतो का? आणि ही क्लिप मी पुढे पाठवतोय, ती नेमकी कशासाठी?

शोमधला ‘भाऊचा धक्का’ सगळ्यांना पाठ आहे. खरा भाऊचा धक्का माझगावला आहे. पहाटे तिथे जाऊन बघा. कोळीण कितीही ओरडून सांगो ‘ताजं आहे’, मुरलेलं गिऱ्हाईक माशाचे कल्ले उघडून रंग बघितल्याशिवाय पैसे काढत नाही.

टीव्हीवरचा कल्लाही तसाच घ्यायचा. बघून, पारखून.