फी माफ झाली, राहण्या-जेवणाचे काय?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातील हजारो घरांना दिलासा दिला. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मिळणारी पन्नास टक्के शुल्क सवलत शंभर टक्के झाली. निर्णय स्वागतार्हच आहे. पण महाविद्यालयीन शिक्षण परवडण्याची चर्चा फीपाशी येऊन थांबते, हे आपले जुने दुखणे आहे.

फी वाढत का गेली, हे उघड आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, परराज्यात जाणारी मुले इथेच शिकू लागली. सोबत देणग्याही आल्या. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. पुढे उन्नीकृष्णन (१९९३), टी. एम. ए. पै (२००२) आणि इनामदार (२००५) या खटल्यांतून शुल्काच्या मर्यादेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात लढला गेला. वाढत्या फीवर कोणी शैक्षणिक कर्जाचा उपाय सुचवतो, कोणी मुक्त विद्यापीठाचा. नोकरी करत शिकणाऱ्यांना नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने मोठा आधार दिला आहे. कर्जाचा मार्ग मात्र कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला धास्ती घालतो.

मुलगी परभणीच्या खेड्यातून पुण्यात आली की खरा हिशेब सुरू होतो. कॉट बेसिसवर खोली, डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, बसचा पास. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर यांसाठी वडिलांचे तहसीलला हेलपाटे झालेलेच असतात. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला अडकतो, आणि शिष्यवृत्ती येईपर्यंत वर्ष सरत येते. मग एका वेळेचा डबा दोन वेळा पुरवला जातो. शिक्षण सुटते ते बहुधा इथे.

आपल्या पूर्वसुरींनी हे अचूक ओळखले होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, दलित अशा समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि पैसा दिला. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले. या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती उभारली आणि ग्रामीण मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. शिक्षणाची दारे आधी वसतिगृहांनी उघडली.

आज वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार आणि स्वयंसारख्या योजना आहेत. मोठ्या शहरांसाठी स्वाधारची रक्कम वर्षाला ६० हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार रुपये ठरली. खोली आणि मेस दोन्ही त्यात भागवणे पुण्या-मुंबईत कठीणच. त्यात हप्ता उशिरा आला तर घरमालक थांबत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. महाविद्यालये असलेल्या प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मुलींचे आणि मुलांचे शासकीय वसतिगृह हवे. भत्ता शहरातील भाड्याशी जोडलेला हवा आणि तो दर महिन्याच्या सुरुवातीला खात्यावर जमा व्हायला हवा. तोवर आपल्यालाही करण्यासारखे आहे. कुणाच्या तरी वसतिगृहातल्या भाकरीवर आपल्यापैकी अनेकांच्या मागच्या पिढ्या शिकल्या. या दिवाळीत आपल्या जवळच्या वसतिगृहात जा आणि एका विद्यार्थ्याच्या मेसचा वर्षभराचा खर्च उचला.