पुस्तक कपाटात, पण कम्प्युटरला पत्ता नाही

तालुक्याच्या वाचनालयात कम्प्युटरवर 'वि. स. खांडेकर' कधी शोधलंय? मी परवा शोधलं. उत्तर आलं, शून्य पुस्तकं. आणि मागच्या कपाटात 'ययाति'च्या दोन प्रती! ग्रंथपाल काका हसले. "पुस्तक हाय ना, पण त्याले मालूम नाही."

नोंद 'वि.स.' अशी होती, मध्ये जागा न सोडता. तेवढ्यावरून ज्ञानपीठवाला लेखक गायब.

चूक काकांची नाही. 'वि.स.', 'वि. स.' आणि 'विष्णु सखाराम' हा एकच माणूस, हे सॉफ्टवेअरला कुणीतरी सांगावं लागतं. त्याचे पैसे कोण देणार?

तुम्ही म्हणाल, फुकटचं 'कोहा' आहे की! आहेच, आणि त्याची गोष्ट भारी आहे. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांना कळलं, की २००० साल उजाडलं की आपलं जुनं सॉफ्टवेअर गंडणार. त्यांनी एका कंपनीला पैसे देऊन नवं बनवून घेतलं आणि सगळ्यांसाठी मोकळं सोडलं. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. पुढे अमेरिकेतल्या नेल्सनव्हिलच्या ग्रंथालयाने पदरचे पैसे घालून त्यात 'मार्क' या प्रमाण पद्धतीच्या नोंदींची सोय करून घेतली. ती आज आपल्यालाही आयती मिळते. म्हणजे फुकट दिसतं, पण बिल कुणीतरी भरलेलं असतं.

एकाच लेखकाची वेगवेगळी नावं जोडायची सोयही कोहात आहे. पण मराठी लेखकांची यादी भरणार कोण? आपली वाचनालयं १९६७ च्या कायद्याखालच्या अनुदानावर चालतात. त्यातून पगार, पुस्तकं, वीजबिल भागलं तरी खूप. प्रोग्रामर कुठून आणणार? एकट्याचं ते काम नाहीच. पण चंद्रपूर-गडचिरोलीची वाचनालयं आणि गोंडवाना विद्यापीठाची कॉलेजं मिळून वर्गणी का नाही काढत? गणपतीला काढतोच ना! यादी एकदाच भरायची, सगळ्यांनी वापरायची. प्रोग्रामरला मात्र एक अट घालायची: केलेली सुधारणा मूळ कोहात जमा झाली पाहिजे. नाहीतर नवी आवृत्ती आली की तेच काम पुन्हा, पैसेही पुन्हा.

निघताना काकांनी माडियातलं एक पुस्तक पुढे केलं. नोंदीत भाषेचा तीन अक्षरी कोड टाकायचा असतो. मराठीचा 'एमएआर', गोंडीचा 'जीओएन'. त्या यादीत माडियाला वेगळा कोडच नाही.

"मंग काय लिहू?" काकांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. पुस्तक अजून टेबलावरच आहे.