अखेरच्या मालसाठ्याचे मूल्यांकन

अखेरच्या मालसाठ्याचे मूल्यांकन म्हणजे हिशेबी वर्षाच्या शेवटी न विकल्या गेलेल्या मालाची किंमत ठरवणे होय. ही रक्कम व्यापारी खात्याच्या जमा बाजूस आणि ताळेबंदात मालमत्ता म्हणून येते. ती फुगवली की नफाही तेवढाच फुगतो.

वस्तू एकच असली तरी खरेदीचे दर निरनिराळे असतात. समजा, एका व्यापाऱ्याने तांदळाची १० पोती प्रत्येकी १,००० रुपयांस व पुढे आणखी १० पोती १,२०० रुपयांस घेतली आणि त्यांतील १० पोती १,३०० रुपयांस विकली. ‘प्रथम आवक, प्रथम जावक’ पद्धतीने नफा ३,००० रुपये व शिल्लक माल १२,००० रुपयांचा ठरतो. ‘अखेरची आवक, प्रथम जावक’ पद्धतीने हेच आकडे १,००० व १०,००० रुपये, तर भारित सरासरीने २,००० व ११,००० रुपये होतात. गोदामातील पोती मात्र तीच असतात.

भाव चढते असताना दुसऱ्या पद्धतीने करपात्र नफा कमी दिसतो. अमेरिकेत ती मान्य आहे. भारताच्या लेखा मानक २ मध्ये नाही. या मानकानुसार मूळ किंमत आणि विक्रीखर्च वजा जाता वसूल होण्याजोगे मूल्य यांपैकी कमी असेल ती रक्कम धरतात. त्यामुळे संभाव्य तोटा विक्रीपूर्वीच नोंदवला जातो. संभाव्य नफा नोंदवता येत नाही.